पुढच्या खोलीतल्या जोड्या

"सून गुणाची आहे हो, पण घरात आहे की नाही ते भांड्यांच्या आवाजावरनंच कळायचं!"

हे सासूबाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, कुंपणापाशी, तुळशीला पाणी घालता घालता. मी आत परात घासत होते. ऐकलं, आणि परात आणखी थोडी वाजवली. आहे म्हणून कळवायला नको?

बोलणारी माणसं गोष्टी सांगून मोकळी होतात. आमच्यासारख्यांकडे त्या साठत जातात, फराळाच्या डब्याच्या तळाशी चुरा साठतो तशा. मग कधीतरी एखाद्या दुपारी डबा उपडा करावा लागतो. आज केला.

आमच्या कराडच्या घरात पुढच्या खोलीत रोज सकाळी क्लास भरतो. हे हायस्कुलात इंग्रजी शिकवतात, आणि शाळेच्या आधी घरी ऑक्टोबरवाल्यांना. ऑक्टोबरवाले म्हणजे मार्चच्या मॅट्रिकला इंग्रजीत गेलेले, ऑक्टोबरला परत बसणारे. कुणी शेतातलं, कुणी नोकरीतलं, कुणाला मिशा फुटलेल्या, कुणाला पोरं झालेली. इंग्रजीनं सगळ्यांना एका सतरंजीवर आणून बसवलेलं.

आणि एक ऑक्टोबरवाली स्वैपाकघरात! मीही सांगलीला इंग्रजीतच गेले होते. लग्न ठरतानाच हे सांगून झालं होतं. सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "इंग्रजी काय फोडणीत घालायचंय?" सगळे हसले. मीही हसले. पण मला परत बसायचं होतं. फार मनापासून बसायचं होतं. आणि नेमकं ऑक्टोबरात नणंदेचं पहिलं बाळंतपण आमच्याकडे. "तेव्हा सुनेचाच काय तो आधार," हे सासूबाईंनी सगळ्या आळीला सांगून टाकलेलं. त्यामुळे माझं वाक्य तोंडापर्यंत यायचं, पदराला हात पुसायचं, आणि परत आत जायचं.

०

ह्यांचा शिकवण्यातला हातखंडा म्हणजे जोड्या.

"इंग्रजीत काही शब्द एकटे हिंडत नाहीत. आयदर आला की मागनं ऑर येणार. नायदर आला की नॉर. बोथ आला की अँड. नॉट ओन्ली आला की बट ऑल्सो. बैलजोडीसारखं! एक जुंपला की दुसरा जुंपायलाच पाहिजे."

ह्यांचा जन्म पेठेतला. बैल पाहिले ते रस्त्यानं जाताना, तेही घाईत असतील तर नाहीच.

सर्जेराव उठला. हा इस्लामपूरकडचा, आखाड्यात कमावलेली मान, डोक्यात फौजदार व्हायचं. म्हणाला, "सर, मग आयदर डाव्या अंगाचा का उजव्या?"

"म्हणजे?"

"आवं, डावा बैल उजवीकडं जुंपला तर लाथ घालतोय. जोडी तीच, पर जागा बदलली की नांगर जाग्यावर!"

"आमचा तर खालीच बसतोय गड्या," मागून कुणीतरी.

झालं! तास बैलांचा झाला. कोण तापट, कोण आळशी, कुणाला शेजारी कोण चालतो. हे खडू हातात धरून ऐकत राहिले. शेवटी गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आयदर आधी, ऑर नंतर. जागा बदलायची नाही."

संध्याकाळी जेवताना सासूबाईंना सांगत होते, "आई, आज मी बैलांचं पुष्कळ शिकलो."

सासूबाई म्हणाल्या, "मग फी त्यांनीच घ्यायला हवी!"

०

नुसत्या शब्दांच्या जोड्यांनी भागेना, तेव्हा ह्यांनी माणसांच्या जोड्या लावल्या. एकाला एक शब्द, दुसऱ्याला त्याचा जोडीदार. पहिल्यानं अर्धं वाक्य म्हणायचं, दुसऱ्यानं ते पुरं करायचं. जोडीदार आला नाही तर उरलेल्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं. सर्जेराव बोथ, कांबळे अँड. बापू कंडक्टर नायदर, आणि बिरू नॉर.

सासूबाईंना नावं लक्षात ठेवण्यापेक्षा हे सोपं गेलं. "बोथच्या चहात साखर जास्त घाल ग, नायदरला कडक लागतो!"

एकदा बापूची बायको दारात आली. डोक्यावर पदर, कडेवर मूल. घुटमळत उभी. सासूबाईंनी विचारलं, "कोण पाहिजे बाई?"

आता नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? पदर दातात धरून म्हणाली, "आवं, हितं यायला लागल्यापास्नं घरात निस्तं नायदर नायदर करत्यात... ते हायती का?"

सासूबाईंनी आत तोंड करून हाक दिली, "नायदर, तुझी मंडळी आलीय रे!"

बापू लाजून उठला. खोली हसली. मी मात्र आत भाजी चिरता चिरता थांबले. नाव न घेता नवऱ्याला हाक मारायची केवढी सोय झाली होती त्या बाईची!

आमच्या ह्यांना कुठला शब्दच दिलेला नव्हता.

०

बापूची गाडी कराड-पाटण. आमचं घर त्याच रस्त्याला. सकाळची ड्यूटी लागली की त्याचा तास बुडायचा, आणि बिचारा बिरू उभा.

बिरू जतकडचा, धनगराचा. घरी मेंढरं, हा इकडं साखर कारखान्यावर राखणीला. बोलायला अगदी माझ्याच पंगतीतला. विचारलं तर मान हलवणार, नाही विचारलं तर तीही नाही.

एकदा असाच उभा होता. बाहेर गाडीचा भोंगा वाजला, वेग कमी झाला, आणि दारातनं एका हातानं दांडा धरून बापू ओरडला, "नायदर!"

बिरूनं खिडकीकडं तोंड केलं आणि भिंत हलावी असा आवाज काढला, "नॉर!"

आणि खाली बसला.

हे बघतच राहिले. बिरू म्हणाला, "जोडी झाली सर."

त्यानंतर पाटणची गाडी आमच्या घरापाशी नेमानं हळू व्हायला लागली. ड्रायव्हरसुद्धा विचारायचा म्हणे, "आज तुझा नॉर दिसला न्हाई खिडकीत?"

हाच बापू गाडीत पॅसेंजरांवरही इंग्रजी झाडायचा. एक म्हातारी पाटी घेऊन पायरीवरच बसलेली. हा म्हणाला, "आजे, आयदर आत ये, ऑर खाली उतर!"

"काय म्हंतूस?"

"एक तर आत ये, न्हाईतर खाली उतर!"

म्हातारी पाटीवरचा हात न काढता म्हणाली, "आत बी यायची न्हाई आन खाली बी उतरायची न्हाई. पाटण येस्तोवर मी हितंच!"

दुसऱ्या दिवशी बापू क्लासात सांगत होता, "सर, म्या माझा शब्द टाकून दुसऱ्याचा वापरला, तर म्हातारीनं माझाच माझ्या तोंडावर हाणला!"

०

ही पुढची गोष्ट हसून सांगावी की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी तास लांबायचा, मग सगळ्यांना पोहे. पहिल्या रविवारी सासूबाईंनी सगळ्यांपुढे बशा ठेवल्या आणि कांबळेपुढे पळसाचं पान. तोंडानं काही म्हणाल्या नाहीत. जुन्या सवयी हातात असतात, त्या बोलत नाहीत.

कांबळे कराडजवळच्याच गावचा. धर्म बदलल्यावर त्याच्या घरानं गावकीची कामं सोडली होती, वडील आता गवंडीकाम करायचे. क्लासात सगळ्यांत हुशार तोच. मराठीत झकास, गणितात पैकीच्या पैकी, फक्त इंग्रजी आडवं आलेलं.

त्यानं पानाकडं पाहिलं. मग शेजारच्या सर्जेरावाच्या बशीकडं. अगदी शांतपणे म्हणाला, "बोथ, सरांचा नेम काय हाय? जोडीतल्या एकाला एक आन दुसऱ्याला दुसरं, आसं चालतंय व्हय?"

सर्जेराव घास घेता घेता थांबला. त्याचे कान लाल झाले. बशी उचलून सासूबाईंपुढे धरली. "मावशी, मला बी पान."

त्याचं बघून बापूनं बशी पुढे केली. बापूचं बघून बिरूनं. मग सतरंजीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, "मावशी, पान!" "मला बी पान, मावशी!"

पुढच्या रविवारी सासूबाई पानांचा ढीग धूत बसल्या. थोडी धुतली, थोडी फाटली. कंबर धरून उठल्या आणि मला म्हणाल्या, "मी काय खाणावळ काढलीय? बशाच मांड सगळ्यांना!"

मी मांडल्या. सगळ्यांना.

कांबळेनं पहिला घास घेतला. म्हणाला, "मावशी, पोह्यांत लिंबू असतंय व्हय? पानावर कळलं न्हवतं."

 त्यानंतरच्या रविवारी त्याच्या बशीत लिंबाची फोड सगळ्यांत मोठी होती.

०

लग्नानंतर मी पहिल्यांदाच एकटीनं रव्याचे लाडू केले. पाक पुढे गेला. किती पुढे गेला ते मला क्लासातनं कळलं.

त्या दिवशी हे दोनदोनच्या वस्तूंचं शिकवत होते. आतून बशीत दोन लाडू मागवून घेतले. "हे दोन लाडू. बोथ म्हणजे दोन्ही. आयदर म्हणजे दोन्हींतला कुठलाही एक. नायदर म्हणजे एकही नाही. सर्जेराव, आयदर खाऊन दाखव!"

सर्जेरावानं एक तोंडात घातला. कट्ट असा आवाज झाला. त्यानं तो काढून हातात घेतला, उलटसुलट पाहिला. दुसरा घेतला. मुठीत धरून दाबला. ह्या मुठीनं तो पैजेवर नारळ फोडतो म्हणे.

"सर," तो म्हणाला, "बोथ ऱ्हाऊ द्या, आयदर बी फुटंना!"

मी आत भिंतीला टेकून उभी. खोलीत हसू फुटलं ते आवरेना. तेवढ्यात कांबळे म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सर, नायदर आपोआपच शिकून झालं."

हे हसले नाहीत. दोन्ही लाडू उचलून कोटाच्या खिशात टाकले आणि शाळेला गेले.

संध्याकाळी आले तेव्हा खिसे रिकामे. सासूबाईंनी विचारलं, "टाकलेस ना वाटेत?"

"खाल्ले."

"दोन्ही? कसे?"

हे चपला काढत म्हणाले, "शाळेत घंटेचा हातोडा आहे की!"

०

दिवसा हे आणि मी एकमेकांशी बोलत नसू. भांडण नव्हे, रीतच तशी. सासूबाईंसमोर नव्या जोडप्यानं सरळ बोलायचं नसतं. ह्यांना पाणी हवं असलं तरी हे भिंतीला विचारणार, "पाणी मिळेल का?" आणि भिंतीतर्फे मी तांब्या नेऊन ठेवणार.

मग एका सकाळी सासूबाई देवळात गेलेल्या. ह्यांनी क्लासाला नवीन वाक्य घातलं, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानं. "आयदर ऑन सॅटर्डे ऑर ऑन संडे वी शॅल गो टु सांगली."

ह्यांचा नेम असा, की इंग्रजी वाक्य लिहिलं की सगळ्यांनी एका सुरात त्याचं मराठी म्हणायचं. पोरं म्हणाली, "शनवारी न्हाईतर ऐतवारी आपुन सांगलीला जाऊ!"

माझे हात कणकेत थांबले. आदल्या दिवशी माहेरची आठवण येऊन मी डोळे पुसले होते. कुणाला दिसलं नाही असं मला वाटत होतं.

त्यानंतर सासूबाई देवळात गेल्या की अशी वाक्यं यायची. "बोथ द शेवंती अँड द अबोली लुक नाइस." पोरांनी निमूट लिहून घेतलं. सर्जेरावानं तेवढं विचारलं, "सर, पेपरात फुलं लय विचारत्यात व्हय?"

असं छान चाललं होतं. पण एक दिवस देवळाला कुलूप होतं, सासूबाई अर्ध्या वाटेतनं परतल्या आणि मागच्या दारानं आत आल्या. पुढं ह्यांना पत्ता नाही. हे खणखणीत आवाजात, "नॉट ओन्ली द आमटी बट ऑल्सो द भाजी वॉज सॉल्टी यस्टर्डे!"

आणि पोरं एका सुरात, "काल निस्ती आमटीच न्हाई, तर भाजी बी खारट झाल्ती!"

सासूबाई पिशवी ठेवून पुढच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"अरे, मग पानावरच सांगायचंस की! काल स्वैपाक माझा होता!"

 मग कांबळेनं अदबीनं विचारलं, "सर, ह्ये वाक्य खोडू का?"

०

त्या दिवसापासून सासूबाईंनी देवळाची वेळ बदलली. क्लास सुरू झाला की निवडायचं सूप घेऊन उंबऱ्यातच बसायच्या. मुलगा आणखी काय काय बोलतो ते कळायला नको? ह्यांची वाक्यंही मग पुस्तकातली झाली. वाघ, राजा, प्रामाणिक शेतकरी असली.

परीक्षेचे फॉर्म भरायची मुदत संपत आली. ह्यांनी शाळेतनं कोरे फॉर्म आणले आणि एकेकाला वाटले. वाटून एक हातात उरला. तो ह्यांनी परत पिशवीत ठेवला नाही.

सासूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मी त्यांच्या मागे चुलीपाशी, चहाचं आधण ठेवून.

"एक शेवटचं वाक्य घ्या," हे म्हणाले.  "बोथ द बॉइज इन धिस रूम अँड वन पर्सन इन धिस हाउस मस्ट अपीअर इन ऑक्टोबर."

टाक कुरकुरले. मग थांबले. नेहमीसारखं लगेच मराठी आलं नाही. एकमेकांकडे बघून झालं, आणि हळू आवाजात, जरा मागेपुढे, आलं. "ह्या खोलीतल्या पोरांनी आन ह्या घरातल्या एका माणसानं... दोघांनी बी ऑक्टोबरला बसलं पायजे."

सासूबाईंचं सूप थांबलं. "ह्या घरातलं कोण? मी?"

"मावशी, तुमी बसला तर आमी समदे पास!" सर्जेराव म्हणाला. हसू झालं. ओसरलं.

"मग कोण?"

हे फळ्याकडं वळले आणि पुसलेलाच फळा पुन्हा पुसायला लागले.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. "हे बघ बाळ, ऑक्टोबरात तुझी बहीण येतेय. पहिलटकरीण. पाणी तापवायचं, शेक द्यायचा, धुणं, बाळंतिणीचं खाणंपिणं. माझ्या ह्या दोन हातांनी नाही रे होणार. मी काय कुणाच्या वाईटावर आहे का?" त्या रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. मला ते त्या पाठमोऱ्या असतानाही दिसलं.

"मावशी, माझी मंडळी यील की मदतीला," बापू म्हणाला.

"तू गप रे नायदर! आणि बाळ, तू फळ्याला काय सांगतोस? ज्याला बसायचंय त्यानं सांगावं की मला!"

 फळा पुसणं थांबलं. बाहेरनं गाडी गेली, ती नेहमीसारखी हळू न होता. सतरंजीवरच्या सगळ्या माना स्वैपाकघराच्या दाराकडं वळल्या. बिरूसुद्धा माझ्याकडं बघत होता, आणि मान हलवत होता, हळूच, वरखाली, जणू विचारलं मला होतं आणि उत्तर तो देत होता.

आधण उकळायला लागलं होतं. मी ते खाली उतरवलं. सांडशी हातात तशीच. उंबऱ्यात सासूबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिले.  कधी नव्हे ते हे माझ्याकडं सरळ बघत होते, सगळ्यांदेखत.

मी म्हणाले, "फळा जरा स्वैपाकघराकडं वळवून ठेवा. चुलीपाशी मला नुसतं ऐकू येतं, दिसत काही नाही."